द्राक्षांचे कंटेनर, परदेशातलं मास्टर्स आणि सात-बारावरचा बोजा

पत्र थोडक्यात असं:

"ताई, मी निफाड तालुक्यातली, वय 24. बी.कॉम. 68 टक्के, शाळा मराठी मीडियम. दोन वर्षं झाली एका द्राक्ष एक्स्पोर्टरकडे डॉक्युमेंटेशन बघते. मला बाहेर जाऊन इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स अँड बिझनेसमध्ये मास्टर्स करायचंय. एका कन्सल्टंटनी यूकेचा एक वर्षाचा एमएससी इंटरनॅशनल बिझनेस सुचवला, म्हणाले दोन्ही सेमच असतं, सगळा मिळून खर्च 32 लाख, शेत तारण ठेवा, बँक देते. पप्पा तयार आहेत, आईला झोप लागत नाहीये. बारावीला मॅथ्स होतं, नंतर एफवायला थोडंसं, बस. भाऊ म्हणतो त्यापेक्षा पुण्यात एमबीए कर. काय करू? आणि आत्ताच्या सरांना सांगू का?"
– निफाडची ई.

ई, आधी शेताचं बोलू, कारण बाकी सगळं नंतर निस्तरता येतं.

शेत तारण ठेवा बँक देते हे वाक्य त्या कन्सल्टंटला जरा लेखी द्यायला सांग, कुठली बँक, कुठली शाखा, कुठली स्कीम. एज्युकेशन लोनला बहुतेक बँका घर, फ्लॅट, एनए प्लॉट, एफडी असलं काहीतरी मागतात, शेतजमीन सहसा घेत नाहीत. कारण साधं आहे, कर्ज थकलं तर बँक ज्या 2002 च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता तारण विकू शकते, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मग बँक कशाला तो ताप घेईल? म्हणजे शेत तारण ठेवून पैसे देणारा जो कोणी निघेल तो बहुधा बँक नसेल आणि त्याचा व्याजदरही बँकेचा नसेल. शिवाय बागेवर सोसायटीचं पीककर्ज असेलच ना, सात-बारावर आधीच एक बोजा आणि त्यावर हा दुसरा, आणि फेब्रुवारीत एक गारपीट झाली की दोन्हीचे हप्ते एकाच वर्षी अंगावर. आईला झोप लागत नाहीये ती उगाच नाही. तुझ्या घरात सध्या सगळ्यात चांगला रिस्क ॲनालिसिस तीच करतेय.

कन्सल्टंट वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही हां. पण त्याचं उत्पन्न कुठून येतं ते माहीत असू दे. यूकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या प्रत्येक ॲडमिशनमागे एजंटला कमिशन देतात, जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिटीत जिथे फीच नाही तिथे कमिशन कशाचं देणार? त्यामुळे त्याने तुला जर्मनीचं नाव घेतलं नाही यात मला तरी काही आश्चर्य वाटलं नाही.

आता "दोन्ही सेमच असतं". अजिबात सेम नसतं, आणि तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर खरंतर इथेच आहे. इंटरनॅशनल बिझनेस नावाच्या कोर्समध्ये साधारण स्ट्रॅटेजी, मार्केटिंग, वेगवेगळ्या देशातल्या लोकांना कसं मॅनेज करायचं, केस स्टडी, ग्रुप प्रेझेंटेशन असं असतं. वाईट नाही, पण त्यातलं अर्धं तू ऑफिसात बसून शिकतेयस, ते पण पगार घेऊन. इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स अँड बिझनेस म्हणजे मात्र आत गेल्यावर इकॉनॉमिक्सच आहे, बिझनेस हे पाटीवरचं शेवटचं नाव. ट्रेड थिअरी, इंटरनॅशनल मॅक्रो म्हणजे एक्स्चेंज रेट आणि भांडवलाची ये-जा, मल्टिनॅशनल कंपन्या बाहेर गुंतवणूक का करतात ते, आणि या सगळ्याच्या मधोमध इकॉनोमेट्रिक्स. म्हणजे डेटा घेऊन रिग्रेशन चालवणं, एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते आकड्यांतून काढणं, आणि आलेला आकडा खरा का खोटा यावर भांडणं. थीसिसही त्यावरच. ज्यांना वाटलं एक्स्पोर्टबद्दल गप्पा असतील त्यांचं पहिल्याच सेमिस्टरला धाबं दणाणतं.

तुला कळावं म्हणून तुझ्याच टेबलावरचं घेते. तू शिपिंग बिल भरताना 0806 10 ने सुरू होणारा कोड टाकतेस, ताजी द्राक्षं, आणि सिझनला किती कंटेनर रॉटरडॅमला जातात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. आता भारताचा डेटा काढला तर दिसतं की आपली द्राक्षं सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत नेदरलँड्स एकदम वरती. एवढासा देश, पावणेदोन कोटींच्या आसपास लोक, एवढी द्राक्षं खाऊन करतात काय? तर खात नाहीतच, रॉटरडॅमला उतरवून पुढे ट्रकने जर्मनीला आणि बाकी युरोपात पाठवतात. याला ट्रेडच्या आकडेवारीत चक्क रॉटरडॅम इफेक्ट म्हणतात. ज्याला हे माहीत नाही तो डेटा बघून डच लोकांच्या आवडीनिवडीवर थीसिस लिहील, आणि तू पहिल्या दिवशी सांगशील की बाबा रे हा कन्साइनी आहे, नुसता माल उतरवून घेणारा, गिऱ्हाईक नाही.

दुसरं बघ. तुमच्या गावात बागा शेकड्याने असतील पण युरोपला माल जातो तो त्यातल्या काहींचाच, बाकीचे व्यापाऱ्याला लोकल देतात. का? ग्लोबलगॅपचं शेतीच्या दर्जाचं सर्टिफिकेट, रेसिड्यू टेस्टिंग म्हणजे औषधांचे अंश तपासणं, पॅकहाऊस, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी, हा सगळा खर्च माल एक कंटेनर पाठवा की पन्नास, आधी करावाच लागतो, आणि तो ज्याला झेपतो तोच पलीकडे जातो. मार्क मेलिट्झ नावाच्या अर्थतज्ज्ञाचं 2003 चं मॉडेल नेमकं हेच सांगतं, की एक्स्पोर्ट देश करत नाही, देशातल्या थोड्या जास्त प्रॉडक्टिव्ह फर्म्स करतात. वर्गात ते दोन लेक्चर ग्रीक अक्षरांत शिकवतात, तुला त्यामागचा माणूस डोळ्यासमोर दिसेल. 2010 ला क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती ते घरी ऐकलं असशीलच. त्यात ड्युटी एक रुपयानेही वाढली नव्हती, पण दार बंदच झालं ना. नॉन-टॅरिफ बॅरियर म्हणतात ते हे.

आणि लाल समुद्र. डिसेंबर 2023 पासून बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, तुमच्याकडे तेव्हा ट्रान्झिट टाइम दहा-पंधरा दिवसांनी वाढला म्हणून बोंबाबोंब झाली असणार. ट्रेडमधलं सगळ्यात जुनं नि सगळ्यात कामाचं समीकरण म्हणजे ग्रॅव्हिटी मॉडेल, 1962 मध्ये ते व्यापारावर लावून दाखवणारा यान टिनबर्गेन डचच होता, आणि 1969 चं इकॉनॉमिक्सचं पहिलं नोबेल त्याला आणि रॅग्नर फ्रिशला मिळून मिळालं. ते म्हणतं की दोन देशातला व्यापार त्यांच्या जीडीपीबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. पण अंतर कधी बदलत नाही ही अडचण असते, नाशिक ते रॉटरडॅम काल जेवढं होतं तेवढंच आज, मग व्यापार अंतरामुळे कमी आहे की भाषा, जुने संबंध, चव यामुळे, ते वेगळं कसं काढायचं? 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद होता तेव्हा हे अंतर खरंच बदललं, आणि जेम्स फायररने त्याचाच उपयोग करून अंतराचा परिणाम मोजला. आता तसाच प्रसंग पुन्हा आलाय आणि तुझ्याकडे नाशवंत माल आहे, जिथे एकेक दिवस मोजून पैसे जातात. हा थीसिसचा विषय आहे गं, आयता. कांद्याचं पण तसंच, लासलगाव तुमच्याच तालुक्यात, डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी, मे 2024 मध्ये ती उठली पण टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के ड्युटी लावून, मग ती ड्युटी कमी होत होत 1 एप्रिल 2025 पासून शून्य. जे परदेशी गिऱ्हाईक त्या काळात दुसरीकडे गेलं ते परत आलं का? यावर चावडीवर प्रत्येकाचं मत असतं, आकडे घेऊन उत्तर देणारे थोडेच.

हे वाचताना तुला मजा आली असेल तर पुढचं वाच, कंटाळा आला असेल तर भावाचं ऐक आणि एमबीए कर, त्यात काही कमीपणा नाही. पुण्यात सिम्बायोसिसचं एसआयआयबी खास इंटरनॅशनल बिझनेससाठीच आहे, फी बघून घे मात्र, ती काही स्वस्त नाही.

मॅथ्सचं. तुला वाटतंय तेवढं लागत नाही पण आत्ता आहे त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, लाग्रांजने ऑप्टिमायझेशन, मॅट्रिक्स, लॉग म्हणजे काय हे नीट, आणि स्टॅट्समध्ये हायपोथिसिस टेस्टिंगपासून रिग्रेशनपर्यंत. स्वयम या सरकारी पोर्टलवर आयआयटीवाल्यांचे इकॉनोमेट्रिक्सचे कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच पैसे. पण नुसते व्हिडिओ बघू नकोस, त्याने काय होत नाही, माणसाला वाटतं कळलं आणि पेपर समोर आला की हात चालत नाही. त्याऐवजी एक काम कर. यूएन कॉमट्रेड या देशोदेशीच्या व्यापाराच्या डेटाबेसवरून 080610 चा भारताचा देशनिहाय एक्स्पोर्ट काढ, दहा वर्षांचा, वर्ल्ड बँकेच्या साइटवरून त्या देशांचे जीडीपी, फ्रान्सच्या सेपी या संस्थेच्या ग्रॅव्हिटी डेटाबेसमधून अंतरं, आणि आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून लॉग घेऊन रिग्रेशन चालव. पहिल्यांदा एरर येतील, मग आकडे येतील, मग तुला दिसेल की ज्या देशांना काहीच माल गेला नाही त्यांच्या शून्याचा लॉगच निघत नाही, आता काय करायचं? तिथे थांबून तू रात्री बारापर्यंत गुगल करत बसलीस तर हा कोर्स तुझाच आहे. लॅपटॉप बंद करून रील्स बघायला लागलीस तर 32 लाख वाचले. या परीक्षेला फी नाही आणि सिझन संपल्यावर दोन महिन्यात होते.

आता कुठे. नाव तंतोतंत इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स अँड बिझनेस असलेला आणि नाव कमावलेला कोर्स नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला आहे, एक वर्षाचा. तिथलंच ते ग्रोथ अँड डेव्हलपमेंट सेंटर, पेन वर्ल्ड टेबल नावाचा जगभरच्या जीडीपीचा जो डेटा सगळे वापरतात तो आता तिथे बनतो. मला फार आवडतं ते ठिकाण. पण युरोपबाहेरच्यांना फी दणदणीत, राहायला खोली मिळायची मारामार, आणि आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.वर थेट प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नकोस, त्यांना ईमेल टाकूनच विचार. स्टुडंट म्हणून काम आठवड्याला 16 तास, ते पण मालकाने परमिट काढलं तर. डिग्रीनंतर एक वर्ष नोकरी शोधायला मिळतं.

तुझ्यासाठी मी जर्मनी बघेन. पासाऊला याच नावाचा मास्टर्स आहे, ग्योटिंगनला इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स आहे, ट्युबिंगनलाही आहे. बहुतेक राज्यांत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नाही, फक्त सेमिस्टर काँट्रिब्युशन असतं, अपवाद म्हणजे ट्युबिंगन ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेमबर्ग, तिथे नॉन-ईयू मुलांना सेमिस्टरला 1500 युरो. फी नाही म्हणजे फुकट नाही हां, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास किंवा थोडे वर, पण ते पैसे तुझेच असतात, महिन्याला 992 असे तुलाच खर्चायला परत मिळतात. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, त्यात दुसऱ्या वर्षाचा बराच खर्च निघतो असं जाणारी मुलं सांगतात, पहिल्या सेमिस्टरला मात्र कामाच्या भरवशावर जाऊ नये. पास झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिने. हा सगळा हिशोब तुझ्या पप्पांसमोर कागदावर मांड, 32 लाखांच्या शेजारी.

अडचणी दोन. एक, मार्क. जर्मन लोक आपले टक्के त्यांच्या ग्रेडमध्ये एका सूत्राने बदलतात, जास्तीत जास्त मार्कातून तुझे मार्क वजा, भागिले जास्तीत जास्तमधून पासिंग वजा, गुणिले तीन, अधिक एक. तुझे 68, पासिंग 40 धरलं तर 32 भागिले 60 गुणिले 3 अधिक 1, म्हणजे 2.6. त्यांच्यात 1 सगळ्यात भारी आणि 4 म्हणजे काठावर पास. जिथे 2.5 ची अट आहे तिथे तू एका दशांशाने हुकतेस, काय चीड येते ना, पण सगळीकडे ती अट नसते, त्यामुळे निवडताना हे आधी बघ, मग शहराचे फोटो बघ. दोन, क्रेडिट, म्हणजे कुठला विषय किती शिकलीस त्याचं माप. इकॉनॉमिक्सचे इतके, मॅथ्स-स्टॅट्सचे इतके असे ते मोजून मागतात आणि बी.कॉम.मध्ये तिथेच खड्डा पडतो. तुझा सिलॅबस कॉलेजकडून शिक्का मारून घे, प्रत्येक पेपरचे तास आणि टॉपिक्स असलेला, आणि कोर्स कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल कर की यातलं काय धराल. ऑनलाइन सर्टिफिकेट सगळीकडे धरत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत आणि जर्मन लोक ईमेलला उत्तर देतात, कोरडं असेल पण देतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, भारतीयांना लागतंच, त्याला वेळ लागतो, ते लवकर टाक. आणि कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी जर्मनची पहिली पायरी ए1 आत्तापासून सुरू कर, कारण डिग्री इंग्लिशमध्ये मिळते पण नोकरीच्या इंटरव्ह्यूत लोक जर्मन बोलायला लागतात.

खड्डा भरलाच नाही तर? तर इथे एम.ए. इकॉनॉमिक्स कर, आणि हे मी दुय्यम म्हणून सांगत नाहीये. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 पासून आहे, दिल्लीच्या आयआयएफटीमध्ये ट्रेड आणि फायनान्सवर भर असलेलं एम.ए. इकॉनॉमिक्स आहे, जेएनयूत इंटरनॅशनल ट्रेडचं वेगळं सेंटर आहे, फी यूकेच्या तुलनेत चिल्लर. एन्ट्रन्सचा अभ्यास म्हणजे तेच मॅथ्स आणि स्टॅट्स जे तुला नाहीतरी करायचंय. आणि डिग्रीच्या नावाचा एक व्यवहारी मुद्दा, यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस द्यायची झाली तर इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्स असं नाव पीजीवर लागतं, इंटरनॅशनल बिझनेस त्यात बसत नाही. एक्झिम बँक, निर्यातदारांना विमा देणारी ईसीजीसी, दोन्हींची मुख्यालयं मुंबईत, मोठ्या कन्सल्टिंग फर्म्सचं ट्रान्सफर प्रायसिंगचं, म्हणजे एकाच ग्रुपच्या कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या किमतींचं काम मुंबई-पुण्यात चालतं, तिथे रिग्रेशन येणारी आणि वर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची माल-पावती, वाचता येणारी मुलगी सहज मिळत नाही. मी स्वतः ट्रेड फायनान्समध्ये एलसी, म्हणजे बँकेच्या पेमेंटच्या हमीची कागदपत्रं, तपासत आयुष्य काढलंय, एम.ए. झालेली हुशार पोरं एफओबी (जहाजाचं भाडं-विमा सोडून किंमत) आणि सीआयएफ (ते धरून किंमत) यांत गोंधळलेली मी बघितलीत.

यूकेचं लवकर आटोपते. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा दोन वर्षांचा होता, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचा केलाय, एक वर्षाच्या कोर्ससाठी तेवढ्यात 32 लाख वसूल होतील यावर मी तरी शेत लावणार नाही.

पैशाचं अजून एक. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते तू लिहिलं नाहीस. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर काही प्रवर्गांसाठी आणि सारथीतर्फे मराठा मुलांसाठीही योजना आहेत. उत्पन्नाच्या आणि युनिव्हर्सिटीच्या क्यूएस रँकिंगच्या अटी असतात आणि त्या बदलतात, म्हणून जाहिरात स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको. लोन घ्यायचंच झालं तर ते घरावर, तुझ्या नावावर, आणि पप्पा सहकर्जदार, म्हणजे नोकरी लागल्यावर तू फेडशील त्या व्याजावर इन्कम टॅक्समधली सूट तुला मिळेल, अर्थात जुन्या टॅक्स रेजिममध्ये राहिलीस तर.

सरांना सांगायचं का, तर हो, पण जानेवारी ते एप्रिल तोंड उघडू नकोस, सिझनमध्ये कोणालाही जाणाऱ्या माणसाबद्दल प्रेम वाटत नाही. मे महिन्यात सांग. एक्स्पिरियन्स लेटर घेताना "मेहनती आणि प्रामाणिक" छापाचं घेऊ नकोस, मसुदा तूच लिहून दे: सिझनला किती कंटेनरची कागदपत्रं केलीस, कुठल्या देशांना, फायटोसॅनिटरी, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, शिपिंग बिल यातलं काय काय स्वतः हाताळलंस. आणि सर तयार असतील तर नावं गाळून मागच्या काही सिझनचा डेटा थीसिससाठी वापरायची परवानगी लेखी मागून ठेव, नाही म्हणाले तरी कॉमट्रेड आहेच.